चौथ्या पायरीच्या खाली

शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत मी बसतो. खोली कसली, जिना वर चढत गेला तशी खाली उरलेली जागा. एका टोकाला मी ताठ उभा राहू शकतो, दुसऱ्या टोकाला फक्त बसू शकतो, आणि मधे मशीन. मशीनचं वय माझ्या निम्म्याहून कमी आहे, पण कुरकुर माझ्या दुप्पट. शाळेतला प्रत्येक कागद इथून बाहेर पडतो. प्रश्नपत्रिका, सुट्टीच्या सूचना, हरवलेल्या डब्याच्या झाकणाची जाहिरातसुद्धा. शिवाय खडू, डस्टर, रजिस्टरं, सगळं माझ्याच कपाटात. मुलं मला झेरॉक्सकाका म्हणतात, शिक्षकही तेच म्हणतात. माझी मुलगी याच शाळेत सातवीत आहे. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. पहिल्या वर्षी ती रांगेत उभी राहून, गाल फुगवून, "झेरॉक्सकाका, दोन खडू द्या," म्हणाली होती आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच फिसकन हसली होती.

अकरा वर्षं मी छापतोय आणि वाचत नाही. वाचत बसलो तर काम उरकत नाही, आणि जे हाताखालून जातं ते वाचावं असं क्वचितच असतं. त्या बुधवारीही वाचलं नसतं. समाजशास्त्राच्या बाई दुपारी आल्या. बाई मनाने चांगल्या, पण कायम धावपळीत, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा डोक्यावर.

"काका, आठ पानं, तीस मुलं. उद्या तिसऱ्या तासाला हवंय. सातवी."

"होईल."

तिसऱ्या पानाला मशीनने कागद खाल्ला. मी झाकण उघडलं, चुरगळलेला कागद ओढून काढला आणि कुठे फाटलाय का बघायला टेबलावर पसरला. चित्र ओळखीचं होतं. दरवर्षी हे चित्र छापतो मी. पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, वर निमुळता. इतकी वर्षं मला वाटायचं, हा इजिप्तचा धडा असणार.

इजिप्तचा नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीवर लिहिलं होतं ब्राह्मण, खाली क्षत्रिय, मग वैश्य, मग शूद्र. चौथ्या पायरीच्या खाली, डोंगराच्या बाहेर, एक वेगळा चौकोन होता. जाड रेघेचा. त्यात अस्पृश्य.

मी खुर्ची ओढली आणि उरलेली पानं वाचली. पुढच्या पानावर शब्दार्थ होते, दोन रकाने. त्या शब्दासमोर लिहिलं होतं, "अस्वच्छ कामे करणारे लोक. यांना कोणी शिवत नसे." त्यापुढे दोन पानांची गोष्ट. एक गाव, एक विहीर, पाच पात्रं. पुजारी, सरदार, व्यापारी, कुंभार आणि झाडूवाला. शेवटी स्वभावचित्र कसं लिहायचं त्याचा तक्ता. पात्राचं नाव, गुण, दोष. नमुन्यादाखल झाडूवाल्याचं स्वभावचित्र करून दिलेलं होतं. गुण, "तो गरीब पण प्रामाणिक आहे. तो कधी तक्रार करत नाही." दोष, "एकही नाही."

तक्रार करत नाही म्हणे! केली असती तर गोष्ट दोन पानांत मावली असती का? आणि दोष नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझ्या वडिलांना तर भरपूर होते. तापट होते, घोरायचे, आणि पत्त्यांत राजरोस फसवायचे.

वडील छापखान्यात झाडू मारायचे. हे इथे कोणाला माहीत नाही. तो छापखाना मागे आमच्या देशात, इथून फार लांब, आणि ती सगळी माणसंही. वडिलांना तिथे एक सक्त ताकीद होती. जमिनीवर पडलेलं कात्रण उचलायचं, पण कागदाच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. कोरा असो की छापलेला, गठ्ठा बाटतो म्हणे. एकदा एक गठ्ठा कलंडत होता, वडिलांनी पटकन हाताने सावरला. मालकाने सगळ्यांसमोर तो पुरा गठ्ठा बाजूला काढायला लावला आणि आठवडाभर वडिलांशी कोणी बोललं नाही. ते कात्रणं मात्र घरी आणायचे. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एका बाजूने कोऱ्या. त्या पट्ट्यांवर मी अक्षर गिरवलं. पट्टीवर एकच ओळ मावते, त्यामुळे ओळ वाकडी जायची सोय नव्हती. वडिलांना वाचता येत नव्हतं. पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरून ओळ सरळ आहे की नाही, तेवढं ते बघायचे.

आता मी दिवसभर गठ्ठेच उचलतो. आणि बिघडलेल्या प्रती घरी नेतो. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ठकीने अक्षर गिरवलं. शाळेत तिच्यासारखं अक्षर कोणाचं नाही, हे मी बाप म्हणून बोलत नाही, वीसेक शिक्षकांचे कागद छापणारा माणूस म्हणून बोलतोय.

ठकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. नुसतं माहीत नव्हतं असं नाही, मी तिला खोटं सांगितलेलं होतं. सात वर्षांची असताना आमच्याच भाषेतल्या कोणा शेजारणीने तिला जिन्यात गाठून विचारलं, तुम्ही कोणातले गं? ती धावत वर आली. "बाबा, आपण कोणातले? वरचे की खालचे?" मी नुकताच कामावरून आलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते. म्हटलं, "वरचे. जा, हात धू." ती गेली, हात धुतले. आडनाव मी इथे आल्यापासून लावतच नव्हतो. झालं. मोठी झाली की सांगू, असं ठरवलं आणि मग ती मोठी होतेय हे न बघण्याची सवय लावून घेतली.

आता उद्या तिसऱ्या तासाला माझाच कागद तिच्या हातात पडणार होता.

मी मशीनचं खालचं दार उघडलं. कागद आत ओढणारा एक रबरी रोलर असतो, काकडीएवढा. तो काढला आणि पँटच्या खिशात टाकला. मग बाईंना जाऊन सांगितलं, "बाई, मशीन बंद पडलं. पार्ट मागवलाय, सोमवारी येईल."

"अहो काका, आता?" बाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून डोळ्यांवरच्या चष्म्यावर लावायचा प्रयत्न केला. "बरं. बघते मी काहीतरी."

बघण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. धडा सोमवारवर जाणार. मधे रविवार. रविवारी ठकीला शांतपणे समोर बसवायचं आणि सांगायचं. चार दिवस मिळाले. इतकी साधी युक्ती सुचली म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

संध्याकाळी ठकीच्या आईला सांगितलं. ती दवाखान्याच्या धुलाईखात्यात काम करते. दिवसभर चादरींच्या घड्या घालते आणि घरी येऊन पुन्हा घरातल्या घड्या घालते. तिने माझ्या हातातला रोलर बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हे काय घेऊन आलात?"

"चार दिवस."

"सहा वर्षं होती तुमच्याकडे. त्यात जमलं नाही, ते चार दिवसांत जमणार?"

"रविवारी सांगतो. नक्की."

"आज सांगा ना. ती काय बसलीय आतल्या खोलीत."

"आज दमलोय गं."

"दमायला काय, मीही दमलेय. मी सांगू का?"

"नको. मीच खोटं बोललो, मीच सांगतो."

तिने उशीच्या खोळीची घडी मोडून पुन्हा घातली. रागावली की ती असंच करते. मी रोलर कपाटात, रुमालांच्या मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील. सातवीतली एक मुलगी जिन्याखाली वाकून म्हणाली, "काका, बाईंनी खडूचा खोका मागितलाय. अख्खा."

"अख्खा कशाला? खडू खाताय का?"

"बाईंनी सगळं फळ्यावर लिहायला घेतलंय. कागद नाहीत ना."

मला तरीही काही कळलं नाही. डोकं म्हणून जे खांद्यावर आहे ते त्या दिवशी कामावर आलेलं नव्हतं. मी खोका काढला आणि म्हटलं, मीच नेऊन देतो, जिना चढणं तब्येतीला बरं.

वर्गाचं दार उघडं होतं. बाई मागच्या बाकाशी वही तपासत उभ्या होत्या. फळ्याशी स्टुलावर ठकी उभी होती. डाव्या हातात बाईंचा मूळ कागद, उजव्या हातात खडूचा शेवटचा तुकडा. फळ्याच्या डाव्या अर्ध्यात तिने तो डोंगर काढला होता, पट्टी न लावता, तरी रेघा सरळ. चौकोनाची रेघ दोनदा गिरवून जाड केली होती, कागदावर होती तशीच. उजव्या अर्ध्यात शब्दार्थ. "अस्वच्छ कामे करणारे लोक. यांना कोणी शिवत नसे." उभ्या रेघा काठीसारख्या ताठ, वळणं एकसारखी. माझ्या पट्टीवरच्या अक्षराचीच सरळ ओळ. माझ्या वडिलांनी डोळ्यांसमोर धरून तपासलं असतं तरी ओळ सरळच निघाली असती.

एकोणतीस मुलं मान खाली घालून ते उतरवून घेत होती.

"या काका," बाई म्हणाल्या. "तुमची लेक होती म्हणून निभावलं. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

मी खोका टेबलावर ठेवला आणि लगेच निघणार होतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक मुलगा ठकीला म्हणाला, "तुम्ही लोक त्या देशातलेच ना? मग तुमचं घर कुठल्या पायरीवर?"

"असं विचारू नये रे," बाई मागून म्हणाल्या, पण ठकीला विचारल्याचं काहीच वाटलं नव्हतं. तिने खडू फळ्याच्या टोकापर्यंत नेला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर टेकवला.

"इथे. बाबांनी सांगितलंय." मग स्टुलावरूनच माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, बाबा?"

वर्गात ती मला बाबा म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली. तीस तोंडं माझ्याकडे वळली. नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द लागतो. माझ्या तोंडात तो होता, शपथेवर सांगतो. पण तिच्या मागे फळ्यावर तिच्याच अक्षरात ती ओळ होती, आणि मला एकदम त्या छापखान्यातला कलंडणारा गठ्ठा दिसला आणि सगळे कामगार मान वळवून बघतायत ते दिसलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

ठकी समाधानाने फळ्याकडे वळली आणि नव्या खडूने पुढचा शब्द लिहायला लागली. मी जिना उतरलो. चौदा पायऱ्या आहेत, अकरा वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या. खाली येऊन बंद मशीनसमोर बसलो आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की पाणी पिववेना.

पाच वाजता घरी गेलो तो बूट न काढताच टेबलाशी बसलो. बूट काढले असते तर पुन्हा राहून गेलं असतं. ठकी वहीला कव्हर घालत होती. तिची आई दारातच थांबली.

"ठके, मी वर्गात मान हलवली ना, ते खोटं होतं."

ती कव्हर घालतच राहिली. "काय खोटं?"

"आपण वरच्या पायरीवरचे नाही. तू तो चौकोन काढलास ना, जाड रेघेचा. त्यातले."

तिला समजायला थोडा वेळ लागला. हसू येणार होतं तिला, चेष्टा करतोय असं वाटून, ते ओठांवरच अडलं. मग मी सगळं सांगितलं. छापखाना, गठ्ठा, पट्ट्या, शेजारीण, हात धू म्हटलेलं. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सहा वर्षं जे मला डोंगराएवढं वाटत होतं ते दहा मिनिटांत संपलं, याचाही मला रागच आला.

"आजोबा अस्वच्छ होते?" तिने विचारलं.

"आजोबा दिवसातून दोनदा आंघोळ करायचे. त्यांच्याइतका स्वच्छ माणूस त्या छापखान्यात नव्हता."

"मग मी ते तसं का लिहिलं?"

"कागदावर तसं होतं म्हणून."

"पण तुम्हाला माहीत होतं ना, कागदावर काय आहे ते?"

मग रोलरचंही सांगावं लागलं. कपाटातून काढून टेबलावर ठेवला. तिने तो हातात घेऊन बघितला, बोटांनी फिरवला.

"म्हणजे तुम्ही हे काढलं नसतं तर कागद आले असते. आणि मला ते लिहायला लागलं नसतं."

मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता तर चाललं असतं, तो पडला तिच्या पायावर.

"चांगल्या अक्षरात लिहिलं मी," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, सगळ्यांनी असं लिहावं." मग उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या आईने माझ्यापुढे चहा ठेवला. "झालं एकदाचं," म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना दिलासा. ती दमली होती आणि मी दमलो होतो, इतकंच.

शुक्रवारी ठकी माझ्याबरोबर शाळेत आली नाही, दहा मिनिटं आधी निघून गेली. रविवारी दुपारी आईला तिने खूप काही विचारलं. आजोबा पत्ते कुठले खेळायचे, पट्ट्या किती रुंद असायच्या, आजी काय म्हणायची. मला काही विचारलं नाही. मी बाहेरच्या खोलीत तेच वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचत सगळं ऐकत होतो. एकदा न राहवून म्हणालो, "बोटभर. पट्ट्या बोटभर रुंद होत्या." आतलं बोलणं तसंच पुढे चालू राहिलं.

सोमवारी सकाळी मी रोलर मशीनमध्ये बसवला. पार्ट आला म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी इतक्या लवकर पार्ट मिळवल्याबद्दल माझं कौतुक केलं, आणि तेही मला मुकाट्याने ऐकून घ्यावं लागलं.

चौथ्या तासाला बाई खाली आल्या. त्या दिवशी दोन्ही चष्मे हातात होते. मशीनच्या झाकणावर त्यांनी एक कागद उलटा ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच बोलल्या.

"काका, स्वभावचित्र लिहायला दिलं होतं. आवडलेलं पात्र. तुमच्या लेकीने झाडूवाला घेतला, पण धड्यातला नाही. तिला हे वर्गात वाटायचंय. तीस प्रती. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारते. तुमची हरकत असेल तर नाही वाटणार." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आणि तो शब्दार्थ. इतकी वर्षं शिकवतेय मी तो. कधी थांबून वाचलाच नाही."

"मीही छापलाय," मी म्हटलं. "अकरा वर्षं."

त्यांनी हात काढला. मी कागद उलटला.

"पात्राचं नाव: माझे आजोबा. काम: छापखान्यात झाडू मारणे. गुण: ते दिवसातून दोनदा आंघोळ करायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओळ सरळ आहे का ते कळायचं. ते कागदाच्या पट्ट्या घरी आणायचे आणि त्यावर माझे बाबा लिहायला शिकले आणि बाबांकडून मी शिकले. दोष: तापट होते. पत्त्यांत फसवायचे."

खाली एक ओळ सोडून आणखी एक पात्र होतं.

"पात्राचं नाव: माझे बाबा. काम: ते शाळेचे सगळे कागद छापतात. गुण: त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. दोष: मला खरं सांगायला ते घाबरले. त्यांनी मशीन बिघडवलं आणि मग ते मला फळ्यावर लिहावं लागलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी खोटी मान हलवली."

एकही अक्षर वाकडं नव्हतं. खाली तिने नाव लिहिलं होतं, पूर्ण नाव, आणि त्यापुढे आडनाव. आमचं जुनं आडनाव. तिच्या आईने सांगितलं असणार.

मी दुसऱ्यांदा वाचलं. मशीन बिघडवलं हे आता मुख्याध्यापकांपर्यंत जाणार. तीस घरांत जाणार. त्यातल्या आमच्याकडच्या दोन-तीन घरांत आडनाव वाचून माणसं एकमेकांकडे बघणार. माझा हात नकळत खालच्या दाराच्या खिटीशी गेला होता, तिथे रोलर आहे. बाईंनी ते बघितलं की नाही कोण जाणे.

"मशीन चालू आहे ना, काका?" त्यांनी हळूच विचारलं.

खिटीवरचा हात मी काढून घेतला.

"चालू आहे," मी म्हटलं. "थांबा, लगेच देतो."

कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, तीसचा आकडा दाबला. एकही कागद अडकला नाही. सगळ्या प्रती बाहेर आल्या तेव्हा कडा मागेपुढे झाल्या होत्या आणि गठ्ठा ट्रेवरून कलंडायला लागला. मी दोन्ही हातांनी तो सावरला, टेबलावर आपटून सरळ केला आणि बाईंच्या हातात दिला.